आठ सेकंद झाले की कॉर्नर! फुटबॉलचे नियम बदलले, आता कसोटी तालुक्याच्या रेफरीची

यवतमाळ : गोलकीपरने बॉल हातात धरून ठेवला, रेफरीने हात वर करून पाच बोटं मोजली आणि समोरच्या टीमला सरळ कॉर्नर देऊन टाकला. असं तुमच्या गावच्या पोट्ट्यांच्या मॅचमध्ये झालं, तर बोंबा मारण्याआधी हे वाचा. रेफरीने मॅच विकलेली नाही. नियम बदलला आहे.

गेल्या दहा वर्षांत फुटबॉलचे नियम इतके बदलले, की ज्यांनी २०१० च्या आसपास शाळेत फुटबॉल खेळला त्यांना आजची मॅच पाहून काही ठिकाणी चुकल्यासारखं वाटतं. टीव्हीवर मॅच पाहणाऱ्या पोरांना नवे नियम माहीत असतात, मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बापाला जुने. मधात सापडतो तो शिट्टीवाला. आणि आपल्याकडे तो शिट्टीवाला म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या शाळेचे क्रीडा शिक्षक, नाहीतर गावातला जुना खेळाडू.

खेळच आहे, एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण शालेय स्पर्धा तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून अमरावती विभागात आणि तिथून राज्यावर जाते. तालुक्याला हरलेल्या टीमचं वर्ष तिथेच संपतं. दहावी-बारावीचे क्रीडा गुण कोणत्या पातळीपर्यंत खेळले यावर ठरतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या पातळीवर खेळलेलं असावं लागतं. म्हणून तालुक्याच्या मैदानावर चुकीची वाजलेली एक शिट्टी एखाद्या लेकराला महागात पडू शकते.

नियम ठरवतं कोण?

नियम ना आपला क्रीडा विभाग ठरवत, ना दिल्लीवाले. त्यासाठी 'आयफॅब' नावाची संस्था आहे, १८८६ सालची. तिच्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या चार संघटनांचं एकेक मत आणि फिफाची चार मतं. आठपैकी सहा मतं पडली तरच नियम बदलतो. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची सभा होते आणि बदल १ जुलैपासून लागू होतात.

आता १ जुलै म्हणजे आपल्याकडे काय? शाळा नुकत्या सुरू झालेल्या, पेरण्या चालू, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत तालुक्याच्या स्पर्धा. म्हणजे नवा नियम यायची आणि मॅच सुरू व्हायची वेळ जवळजवळ एकच. रेफरीला तयारीला वेळच मिळत नाही.

आपल्या शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. एक रुपयातला पीक विमा २०२५ च्या खरिपात बंद झाला, तेव्हा कितीतरी जणांना ते सेंटरवर अर्ज भरायला गेल्यावर कळलं. समोर बसलेल्या पोराने काही तो नियम केला नव्हता, पण लोकं तापले त्याच्यावरच. मैदानावरच्या रेफरीचंही तसंच आहे.

आधी काय होतं, आता काय आहे?

*१) गोलकीपरचे आठ सेकंद.* आधी नियम सहा सेकंदांचा होता. त्याहून जास्त वेळ बॉल हातात धरला तर बॉक्समधूनच इनडायरेक्ट फ्री किक. पण ती शिक्षा इतकी जड वाटायची की रेफरी देतच नव्हते आणि गोलकीपर खुशाल वेळ काढायचे. १ जुलै २०२५ पासून मुदत आठ सेकंद झाली आणि शिक्षा कॉर्नर किकची. शेवटचे पाच सेकंद रेफरीने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे. म्हणजे गोलकीपरला मला कळलंच नाही असं म्हणायची सोय उरली नाही.

*२) सेंटरची किक.* आधी बॉल पुढेच मारावा लागायचा. २०१६ पासून तो कोणत्याही दिशेला, मागे सुद्धा मारता येतो. तरी अजूनही कुठे कुठे मागे पास दिला की कडेचे लोक ओरडतात.

*३) गोल किक.* आधी बॉल बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय कुणी हात लावला (म्हणजे पाय लावला) तर किक पुन्हा घ्यावी लागायची. २०१९ पासून बॉल मारला आणि तो स्पष्ट हलला की खेळ सुरू. आपलाच बॅक बॉक्समध्ये उभा राहून पास घेऊ शकतो. समोरच्या टीमने मात्र बॉल खेळात येईपर्यंत बॉक्सच्या बाहेर थांबायचं.

*४) रेफरीला बॉल लागला तर.* आपल्याकडे जुनी समजूत अशी की रेफरी म्हणजे गोलपोस्टसारखाच, बॉल लागला तरी खेळ चालू. २०१९ पासून तसं राहिलं नाही. रेफरीला लागून बॉल सरळ गोलमध्ये गेला, समोरच्या टीमकडे गेला किंवा त्यातून चांगला हल्ला सुरू झाला, तर शिट्टी आणि ड्रॉप बॉल. आणि ड्रॉप बॉलही आता दोघांच्या मधात टाकून झुंज लावत नाहीत. तो एकाच टीमच्या एका खेळाडूला मिळतो, बाकी सगळे ४ मीटर लांब. खेळ बॉक्समध्ये थांबला असेल तर साधारणपणे बॉल गोलकीपरला.

*५) हाताला लागलेला बॉल.* सगळ्यात जास्त भांडणं याच्यावर होतात. बॉल हाताला लागला की दर वेळी फाऊल होतोच असं नाही. मुद्दाम हात लावला, किंवा हात अंगापासून असा लांब ठेवला की शरीराचा आकार उगाच मोठा झाला, तर फाऊल. खांद्याचा भाग हातात धरत नाहीत, काखेच्या खालच्या टोकापासून पुढचा हात धरतात. आणि एक पक्कं लक्षात ठेवा : गोल मारणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला बॉल चुकून जरी लागला आणि लगेच गोल झाला, तर तो गोल धरत नाहीत. त्याच्या साथीदाराच्या हाताला चुकून लागला असेल, तर २०२१ पासून गोल धरला जातो.

*६) पेनल्टी आणि लाल कार्ड.* गोल होणारच होता आणि बॅकने बॉक्समध्ये फाऊल केला, तर आधी पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या मॅचची बंदी अशी तिहेरी शिक्षा व्हायची. २०१६ पासून खेळाडू खरंच बॉल खेळायला गेला असेल तर पेनल्टी आणि पिवळं कार्ड. पण शर्ट ओढला, धरलं, ढकललं, तर लालच. पेनल्टीच्या वेळी गोलकीपरचा निदान एक पाय तरी गोललाईनवर, तिच्या सरळ रेषेत किंवा तिच्या मागे पाहिजे. दोन्ही पाय पुढे टाकून चालत नाही.

कागदावरचा नियम आणि काळ्या मातीचं मैदान

हे सगळं वाचायला सोपं आहे. पण टीव्हीवरच्या मॅचला मैदानावर एक मुख्य रेफरी, दोन लाईनमन, चौथा अधिकारी, आणि वरून कॅमेरे पाहणारे वेगळे. आपल्या तालुक्याच्या मैदानावर बऱ्याचदा एकटा रेफरी आणि कडेला झेंडा धरलेले दोन विद्यार्थी. सप्टेंबरचा पाऊस पडून गेला की फक्कीने मारलेल्या रेघा धुऊन जातात. बॉक्स कुठे संपतो हेच दिसत नसेल, तर गोल किक बॉक्समध्ये घेतली की बाहेर, हात बॉक्समध्ये लागला की बाहेर, हे ठरवायचं कसं?

दुसरी अडचण भाषेची. नियमांचं अधिकृत पुस्तक इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशमध्ये निघतं. मोबाईलवर त्याचं फुकट ॲपही आहे. पण शाळेतले तास, परीक्षेची कामं आणि ऑनलाईन माहिती भरून झाल्यावर शिक्षकाने इंग्रजी कलमं वाचायची, त्यातलं मागच्या वर्षीपेक्षा काय बदललं ते शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी शिट्टी घेऊन उभं राहायचं, हे म्हणायला सोपं आहे.

तिसरी अडचण सवयीची. ज्याने वीस वर्षं बॉल बाहेर गेल्याशिवाय गोल किक धरली नाही, त्याचा हात शिट्टीकडे आपोआप जातो. डोक्याला नियम समजतो, हाताला समजायला मॅचेस लागतात.

१५ सप्टेंबर २०१७ आठवा. त्या वर्षी १७ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात होता, नवी मुंबईतही सामने झाले. त्याच्या आधी राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' केलं, एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा म्हणून. शाळांना बॉल मिळाले. बॉल खेड्यापर्यंत आला ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच्या मागून नियम आणि शिकवलेला रेफरी पोचवायचं काम एका दिवसात होणारं नव्हतं. ते दरवर्षी करावं लागतं.

लहान पोरांसाठी नियम थोडे सैल करता येतात

बऱ्याच लोकांना हे माहीत नाही. लहान मुलांच्या, गावपातळीच्या, अपंगांच्या आणि वयस्कांच्या स्पर्धांसाठी राष्ट्रीय संघटनेच्या मंजुरीने काही गोष्टी बदलायला नियमपुस्तकच परवानगी देतं. मैदान आणि गोल लहान करता येतात, बॉल लहान घेता येतो, दोन्ही हाफ सारखेच पण कमी वेळाचे ठेवता येतात, आणि बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत घेता येतो. पिवळ्या कार्डाच्या जागी थोडा वेळ बाहेर बसवायची शिक्षाही ठेवता येते. इंग्लंडमध्ये खालच्या पातळीवर २०१९ पासून रेफरीशी हुज्जत घातली की दहा मिनिटं बाहेर बसावं लागतं.

काही देश तर याच्याही पुढे गेले. डोक्याने बॉल मारल्याने लहान मुलांच्या मेंदूला इजा होऊ नये, म्हणून अमेरिकेत दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद आहे. इंग्लंडनेही सगळ्यात लहान गटांपासून टप्प्याटप्प्याने ते बंद करायला घेतलं.

म्हणजे टीव्हीवरचा नियम आणि शाळेच्या मॅचचा नियम दर वेळी शंभर टक्के एकच असेल असं नाही. टीव्हीवर बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही, पण तुमच्या स्पर्धेत येऊ शकतो. स्पर्धेच्या पत्रकात काय लिहिलं आहे ते आधी पाहायचं. पत्रकात वेगळं काही नसेल, तर नेहमीचे १७ नियम लागू.

कबड्डीत जमलं, मग इथे का नाही?

आपल्या भागात कबड्डीचं वेड जुनं आहे. २०१४ ला प्रो कबड्डी आली आणि 'करो या मरो'ची तिसरी चढाई, तीन किंवा कमी खेळाडूंनी केलेली सुपर टॅकल, हे सगळं म्हाताऱ्या माणसांनीही शिकून घेतलं. सुरुवातीला पंचांशी भांडणं झाली. आता पारावर बसलेला माणूसही बोटं मोजून सांगतो की ही तिसरी चढाई आहे. लोकांना नियम कळला की पंचाचं अर्धं काम लोकच करतात. फुटबॉलमध्ये हे व्हायचं बाकी आहे.

मॅचच्या आधीची पाच मिनिटं

यावर मोठा खर्च लागत नाही. तालुक्याच्या स्पर्धेआधी सगळ्या शाळांच्या क्रीडा शिक्षकांची एक तासाची बैठक घ्यावी, त्यात बदललेले नियम मराठीत एका पानावर द्यावेत. जुन्या रेफरीने नव्याला एक मॅच करून दाखवावी. आणि प्रत्येक मॅचच्या आधी रेफरीने दोन्ही कोच आणि दोन्ही कॅप्टन यांना बोलावून चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात :

- हाफ किती मिनिटांचा, आणि बरोबरी झाली तर पुढे काय.
- खेळाडू किती बदलता येतील, बाहेर गेलेला परत येईल की नाही.
- गोलकीपरचे आठ सेकंद मोजणार, शेवटचे पाच बोटांनी दाखवणार.
- शंका असेल तर फक्त कॅप्टनने विचारायचं, तेही नीट बोलून.

ही शेवटची गोष्टही नवीनच आहे. मोठ्या स्पर्धांमध्ये आता रेफरीच्या भोवती घोळका करायला मनाई करून फक्त कॅप्टनला बोलू देतात. गावाच्या मैदानावर तर याची जास्त गरज आहे. कारण इथे रेफरी एकटा असतो आणि घोळक्यात पोरांसोबत त्यांचे काकाही घुसतात. इंग्लंडसारख्या देशात सुद्धा शिवीगाळ इतकी वाढली की २०२३ मध्ये खालच्या पातळीवरच्या रेफरींच्या छातीवर कॅमेरे लावून पाहावं लागलं. आपल्याकडे कॅमेरा नाही. आपल्याकडे शिव्या खाल्लेला शिक्षक पुढच्या वर्षी शिट्टी घ्यायलाच नाही म्हणतो, आणि मग मॅच चालवायला माणूस मिळत नाही.

कोच आणि पालकांसाठी कामाची गोष्ट : एकदा खेळ पुन्हा सुरू झाला की रेफरीला आधीचा निर्णय बदलता येत नाही. नंतर व्हिडीओ दाखवून, ग्रुपवर टाकून तो गोल परत येत नाही. काही चुकलं वाटलं, तर कॅप्टनने किक घेण्याआधीच शांतपणे विचारावं. रेफरीलाही तेवढाच वेळ असतो, लाईनमनला विचारायला आणि निर्णय सुधारायला. त्या दहा सेकंदांत मैदानावर गोंधळ असेल, तर सुधारता येणारी चूकही तशीच राहते आणि नुकसान आपल्याच पोरांचं होतं.

तुमच्या शाळेची टीम यंदा उतरणार असेल, तर वरचे सहा नियम मुलांना वाचून दाखवा. मैदानावर जाल तेव्हा पत्रकाची एक प्रत मोबाईलमध्ये ठेवा.