शिबिरात तपासले किती, वाचले किती?

गेल्या हंगामातली गोष्ट. ऊसतोडणी ऐन भरात होती. पहाटे चाळिशीतल्या एका बाईंना फडावरून आमच्या सरकारी रुग्णालयात आणलं. उजवा हात-पाय लुळा पडलेला, बोलणं बंद. रक्तदाब २१०/१२०. पक्षाघात झाला होता. नवऱ्याने पिशवीतून एक चुरगळलेलं कार्ड काढून दिलं. दोन वर्षांपूर्वी गावच्या शिबिरात त्यांची तपासणी झाली होती. रक्तदाब १७०/१००, पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, अशी नोंद होती. त्यापुढच्या ओळी कोऱ्या. ‘‘दुखत नव्हतं सायेब काय तिला. गोळ्या संपल्या, मग ऱ्हाऊनच गेलं,’’ नवरा म्हणाला.

त्या शिबिराच्या अहवालात या बाई दोन ठिकाणी मोजल्या गेल्या असतील. तपासलेले रुग्ण, अधिक एक. औषध दिलेले रुग्ण, अधिक एक. दोन वर्षांनी त्यांचं काय झालं, याला अहवालात रकानाच नसतो. हे मी कुणाकडे बोट दाखवून सांगत नाही. पंचवीसेक वर्षांच्या सरकारी सेवेत असे अहवाल मीही भरले आहेत आणि आकडा मोठा दिसला की मलाही बरं वाटलेलं आहे.

उच्च रक्तदाब बहुतेकदा काहीच त्रास देत नाही. तो दुखत नाही, खुपत नाही. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या मात्र आतून खराब करत राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के महिलांना आणि २४ टक्के पुरुषांना तो आहे. उपचार साधे आणि स्वस्त आहेत. पण एकदा तपासून, पंधरा दिवस गोळ्या देऊन कुणी वाचत नाही. दाब १४०/९०च्या खाली आला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला, तरच पक्षाघात टळतो.

म्हणून काय मोजायचं, हा प्रश्न महत्त्वाचा. नोव्हेंबर २०१७मध्ये पाच राज्यांत ‘भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू झाला, त्यात महाराष्ट्रही होता. सर्वांसाठी ठरलेली सोपी औषधपद्धती, घराजवळच्या केंद्रात गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, असं त्याचं स्वरूप. त्यात मला सर्वांत मोलाचा वाटला तो त्याचा मापदंड. नोंदलेल्यांपैकी किती जणांचा दाब आज आटोक्यात आहे आणि किती जण यायचे थांबले, हे तिथे विचारलं जातं. असा प्रश्न विचारला की केंद्राचं कामच बदलतं. न आलेल्या रुग्णाला फोन जातो, आशाताई घरी जाऊन विचारपूस करतात.

पण एवढ्यानेही भागत नाही. समजा, एका आरोग्य केंद्रात १०० रुग्ण आहेत आणि ६० जणांचा दाब आटोक्यात आहे. आकडा चांगलाच. आता तो उकलून पाहू. रस्त्यालगतच्या गावातले ८०, त्यांपैकी ५६ आटोक्यात. दूरच्या तांड्यावरचे २०, त्यांपैकी फक्त ४. गावात ७० टक्के, तांड्यावर २०. सरासरीत तांडा दिसतच नाही.

ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: वैद्यकीय सेवेची ज्यांना गरज जास्त, त्यांच्या वाट्याला ती कमी येते. ते वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात काम करत. जे दवाखान्यात आले त्यांच्यावर न थांबता त्यांनी गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजला आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पंचवीसेक वर्षांनी हिशेब झाला, तेव्हा त्या गावातले अकाली मृत्यू शेजारच्या तशाच गावापेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी होते.

आमच्या बाईंना कुणी औषध नाकारलं नव्हतं. पण दिवाळीच्या सुमाराला गाव सुटायचं, ते उन्हाळ्यातच परत. फडावर एका दिवसाचा खाडा म्हणजे मजुरी बुडणार, वर मुकादमाचा दंड. सकाळची ओपीडी त्यांच्या काय कामाची? सर्वांना सारखी सेवा देणं म्हणजे समन्याय नव्हे. निघण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या, साखर कारखान्याच्या परिसरात संध्याकाळी तपासणी, कोणत्याही सरकारी केंद्रात चालेल असं कार्ड, एवढं झालं तर याच गोळ्या अशा माणसांपर्यंत पोहोचतील. यातल्या कशालाही नवं यंत्र लागत नाही.

वाचकांनाही दोन गोष्टी सांगतो. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. गोळी चालू आहे म्हणूनच दाब आटोक्यात आहे. आणि तुमच्या भागात शिबिराचं उद्घाटन झालं, तर किती लोक आले यावर थांबू नका. सहा महिन्यांनी जाऊन विचारा, त्यांच्यापैकी किती जणांचा दाब आज आटोक्यात आहे, आणि जे आले नाहीत ते कोण?

त्या बाई वाचल्या. काठी टेकत चालतात, थोडं बोलतात. उजव्या हातात कोयता मात्र आता धरता येत नाही.