हॉल ऑफ नेशन्स: वय कमी पडलं म्हणून

एका रात्रीत

दिल्लीच्या प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत पाडला गेला. शेजारचं नेहरू पॅव्हेलियनही गेलं. 1972 च्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यासाठी, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, वास्तुकार राज रेवाल यांनी हा हॉल रचला होता. तिथे आता 'भारत मंडपम्' आहे.

पोलाद महाग म्हणून

खांबांशिवाय मोठं छप्पर पेलायला त्रिकोणांच्या जाळीचा सांगाडा, म्हणजे 'स्पेस फ्रेम', वापरतात. जगभर तो पोलादी नळ्यांचा करत. आपल्याकडे तेव्हा पोलाद महाग आणि मजूर मुबलक. म्हणून अभियंता महेंद्र राज यांनी तोच सांगाडा आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, बसवला. तिरपे दांडे जिथे एकत्र येतात, तो प्रत्येक सांधा म्हणजे सळयांची दाटी. त्यात काँक्रीट नीट उतरवणं हीच खरी कसोटी. शटरिंग, सळया, ओतकाम सगळं जागेवर, हातांनी. आत एकही खांब नव्हता. जाळीच्या खोलीमुळे ऊनही अडायचं. गरिबीतून निघालेली इतकी देखणी युक्ती क्वचितच दिसते.

साठीची अट

दिल्लीच्या वारसा समितीचा निकष होता किमान 60 वर्षांचा. हॉल होता 45 चा. वारसा जपणाऱ्या 'इन्टॅक' या संस्थेने आधुनिक इमारतींची यादी देऊन संरक्षण मागितलं, याचिकाही झाल्या; उपयोग झाला नाही. खरं तर चाळिशी-पन्नाशीतच इमारतीला जास्त धोका असतो. गळती सुरू होते, जागेचा भाव चढतो आणि लोकांना ती नुसतीच जुनाट वाटते. हा निकष नेमक्या त्याच वयात इमारतीला उघडं पाडतो.

वास्तुकाराचा हक्क कुठवर?

रेवाल पुढे कोर्टात गेले. आधीचा एक दाखला कलाकाराच्या बाजूचा होता. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढलं, तेव्हा 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पकाराला पाच लाखांची भरपाई दिली होती. रेवाल यांना मात्र 2019 मध्ये त्याच न्यायालयाने नकार दिला: कृतीचं विद्रूपीकरण झालं तर कर्ता हरकत घेऊ शकतो, पण मालकाने अख्खी इमारत पाडली तर त्याला अडवता येत नाही. म्हणजे खिडकी बदलली तर दाद मागता येईल, सगळंच पाडलं तर नाही! कायद्याच्या चौकटीत हे बसत असेलही. मला पटत नाही.

अहमदाबादची गोष्ट

असाच धोका दुसरीकडेही दिसला. अहमदाबादच्या आयआयएमने डिसेंबर 2020 मध्ये वास्तुकार लुई कान यांनी रचलेली बहुतेक वसतिगृहं पाडायचं ठरवलं. जगभरातून ओरड झाली आणि जानेवारीत निर्णय मागे घेतला गेला. 2022 मध्ये, बांधकाम धोकादायक असल्याचं सांगत, संस्थेने काही वसतिगृहांच्या पुनर्बांधणीचा विषय पुन्हा काढला.