सर्व्हरची पिढी कशी ओळखावी?

आमच्या गांवच्या वाचनालयास डेल कंपनीचा एक जुना रॅक-सर्व्हर देणगीदाखल मिळाला. वाचनालयाच्या तुटपुंज्या शिलकेंतून मीं त्याकरितां डीडीआर४ जातीच्या रॅमच्या चार पट्ट्या आणविल्या. त्या खांचेंत बसेनात! पैसे वायां गेले, आणि चूक सर्वस्वीं माझी होती. कारण यंत्राची पिढी त्याच्या नांवांतच लिहिलेली होती.

तें नांव होतें ‘आर ७२०’. ‘आर’ म्हणजे रॅकमध्यें बसणारा. पहिला अंक श्रेणी सांगतो, मधला पिढी. शेवटीं शून्य असल्यास प्रोसेसर इंटेलचा, पांच असल्यास एएमडीचा. २००९ सालच्या आर ७१० पासून पुढें तीन अंकी नांवांत मधल्या अंकांत दहा मिळवावे: आर ७१० अकराव्या पिढीचा, आर ७२० बाराव्या, आर ७३० तेराव्या. यांपैकीं पहिल्या दोहोंस डीडीआर३ रॅम लागते, तिसऱ्यास डीडीआर४.

मात्र जुन्या यंत्राचें दर्शनी झांकण बदललेलें असूं शकतें. म्हणून यंत्रावरील सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग कंपनीच्या संकेतस्थळावर घालून खात्री करावी. शिवाय पिढी कळली म्हणजे सर्व कळलें असेंहि नाहीं. आर ७२० मध्यें झिऑन ई५-२६०० आणि त्याचीच व्ही२ आवृत्ति, असे दोन्ही प्रोसेसर चालतात. परंतु व्ही२ साठीं बायॉस अद्ययावत् असावें लागतें.

तात्पर्य, आधीं कूळ विचारावें, मग सोयरीक जुळवावी.