विश्लेषण : फोन बंद पडला तरी फोटो का पुसले जात नाहीत?

माळशेज घाटाच्या वाटेवरील मढमध्ये टिपलेला फोटो बॅटरी संपली तरी फोनमध्ये शाबूत राहतो, तो फ्लॅश मेमरीमुळे. या तंत्रज्ञानाच्या जडणघडणीत पुण्यात जन्मलेल्या एका अभियंत्याचाही वाटा आहे.

विनोद धाम यांचे योगदान काय?
फ्लॅशची मूळ कल्पना तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांची. १९८४ मध्ये ती जगासमोर आली. १९७९ मध्ये इंटेलमध्ये रुजू झालेले धाम त्या कंपनीच्या पहिल्या फ्लॅश तंत्रज्ञानाचे सहसंशोधक. इंटेलची फ्लॅश चिप १९८८ मध्ये बाजारात आली. ‘पेंटियमचे जनक’ ही धाम यांची ओळख त्यानंतरची. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाला.

फ्लॅश चालते कशी?
आधीची ईप्रॉम चिप पुसण्यासाठी काढून अतिनील किरणांखाली ठेवावी लागे. फ्लॅशमध्ये ऑक्साइडच्या थराने वेढलेल्या कप्प्यात इलेक्ट्रॉन अडकतात. वीज गेली तरी तिथेच राहतात. पुरेसा विद्युतदाब दिला की ते पातळ थरातून निसटतात आणि माहिती जागच्या जागी पुसली जाते.

मर्यादा कोणती?
लिहिण्या-पुसण्यागणिक हा थर झिजतो. त्यामुळे महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रे एकट्या फोनच्या भरवशावर ठेवू नयेत. दुसरी प्रत हवीच.