डॉक्टर नव्हे, तरी डॉक्टरच्या जागी

घरात बारावीच्या शास्त्र शाखेचे मूल असले म्हणजे दिवाळीच्या फराळाबरोबर एक प्रश्न हमखास वाढला जातो : "काय, मेडिकलला जाणार ना?" मूल चकली खात मान डोलावते, आई घाईघाईने विषय बदलते आणि वडील वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात. डॉक्टर व्हायचे, नाही तर काही नाही, अशी आपल्या मध्यमवर्गाची समजूत होऊन बसली आहे. डॉक्टर आणि 'काही नाही' यांच्यामध्ये केवढा मोठा मुलूख पसरला आहे, याचा पत्ता फारच थोड्यांना असतो. मी त्या मुलखाची रहिवासी आहे. भंडारा जिल्ह्यातील एका आरोग्य उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. तिथवर पोचण्यासाठी मला एक अर्ज करावा लागला आणि तीन मुलाखती द्याव्या लागल्या. त्यांची ही हकीकत.

ही जात नवी नाही

आधी थोडा इतिहास सांगते. डॉक्टरपेक्षा कमी शिकलेला, पण रोग्याला तपासणारा माणूस ही काही आजची कल्पना नव्हे. आमच्या विदर्भात १९१४ साली नागपूरला रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. तिथून एल. एम. पी. ही पदविका घेऊन बाहेर पडलेली मंडळी तालुक्याच्या गावी जाऊन बसत. आजोबांच्या पिढीला 'डॉक्टर' म्हणून जे ठाऊक होते, त्यांतले पुष्कळसे हेच. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशातील नोंदलेल्या डॉक्टरांचा आकडा सुमारे ४७ हजार दिला आहे. त्यांपैकी जवळजवळ ३० हजार असे पदविकावाले होते. यापुढे एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर तयार करावा, असे समितीच्या बहुमताने ठरविले. काही सभासदांनी त्याला लेखी विरोध नोंदविला. पण काळाचा ओघ दुसरीकडे होता. नागपूरला १९४७ मध्ये मेडिकल कॉलेज झाले आणि जुन्या पदविकांचे दिवस संपले.

हेतू चांगलाच होता. पण पूर्ण शिकलेला डॉक्टर खेड्यात जाईना, आणि जी जागा रिकामी झाली ती भोंदूंनी भरून काढली.

गंमत अशी की, आपण जे दार बंद केले ते अमेरिकेने थोड्याच वर्षांत उघडले. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी 'फिजिशियन असिस्टंट' हा अभ्यासक्रम सुरू केला. पहिले विद्यार्थी चार, आणि चौघेही नौदलात शुश्रूषेचे काम केलेले. तिकडे आजही या अभ्यासक्रमाचा अर्ज करणाऱ्याला पहिल्याने विचारतात ते हे, की रोग्यांजवळ प्रत्यक्ष किती काम केले आहे? भारतात हा अभ्यासक्रम आणण्याचा मान डॉ. के. एम. चेरियन यांचा. १९९२ मध्ये त्यांनी मद्रासला तो सुरू केला. जीवशास्त्रासह बारावी झालेल्यांसाठी तो चार वर्षांचा असतो, त्यातले शेवटचे वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम करण्याचे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला रीतसर नावही मिळाले.

ही शहरातील मोठ्या इस्पितळांची गोष्ट झाली. खेड्यांसाठी महाराष्ट्राने आपली वाट आपणच काढली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला, अक्षरओळखही नसलेल्या बायकांच्या हाती गावाचे आरोग्य दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकविले. बालमृत्यू त्याने किती घटले याचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, तेव्हा साऱ्या जगाने दखल घेतली. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि प्रत्येक उपकेंद्रावर एक समुदाय आरोग्य अधिकारी नेमावयाचे ठरले. आयुर्वेदाचे पदवीधर किंवा बी. एस्सी. नर्सिंग झालेले उमेदवार घ्यायचे, त्यांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण द्यायचे आणि सपाट प्रदेशात सुमारे पाच हजार, आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार लोकवस्ती त्यांच्यावर सोपवायची, अशी ही योजना.

पहिली मुलाखत : घरची

आमचे गाव लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या खोऱ्यात. घरी धानाची शेती. नागपूरला बी. एस्सी. नर्सिंग करून मी तिथल्याच एका खाजगी इस्पितळात अतिदक्षता विभागात तीन वर्षे काम केले होते. वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली आणि अर्ज करणार असल्याचे सुट्टीत घरी सांगितले.

वडिलांनी बैलाचे दावे वळता वळता विचारले, "नागपूर सोडून खेड्यात काहून जातं वो?"

मी म्हटले, "बाबा, आपलंही गाव खेडंच आहे."

"म्हणूनच म्हणतो," ते म्हणाले. "पर्मनंट आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच होते. नोकरी कंत्राटी. पंचवीस हजार ठरलेले आणि कामाच्या मानाने आणखी पंधरा हजारांपर्यंत. वडिलांनी हिशेब केला, पण ठेक्याच्या नोकरीवर त्यांचा जीव बसेना. आईची काळजी निराळी. लग्नाच्या बाजारात 'अतिदक्षता विभागातील सिस्टर' हे वाक्य नीट बसते. 'समुदाय आरोग्य अधिकारी' म्हणजे नेमके काय, हे तिला वरपक्षाला सांगता येईना!

शेवटी मी काकांचे नाव काढले. माझ्या लहानपणी, रोवणीच्या दिवसांत, काका जमिनीवर पथारी टाकून झोपले होते. पहाटे पोट दुखू लागले. कुणी म्हणाले अपचन, कुणी ओवा दिला. मग पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली. उजाडायच्या आत सारे संपले. अंगावर कुठे खूण नव्हती की सूज नव्हती. तो मण्यार चावल्याचा प्रकार होता, हे मला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षी, एका पुस्तकाच्या पानावर कळले. त्या रात्री हे ओळखणारे माणूस आमच्या गावापासून वीस किलोमीटरच्या आत कुणी नव्हते.

वडील पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भर अर्ज."

दुसरी मुलाखत : सरकारी

अर्जाविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते, कारण मुले येथेच अडखळतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव आणि आधार कार्डावरील नाव अक्षरशः एक असावे. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण मुदतीत करावे. अधिवासाचा दाखला, जात वैधता, अनुभवाचे पत्र यांच्या साक्षांकित प्रतींची एक चळत नेहमी तयार असावी. माझ्याबरोबर रांगेत उभी असलेली एक हुशार मुलगी केवळ एका कागदासाठी रडकुंडीला आली होती.

माझ्या वेळी लेखी परीक्षा होती. तिच्या गुणांवर यादी लागली आणि मग कागदपत्रांची तपासणी झाली. मुलाखत अशी रीतसर नव्हती. पण टेबलापलीकडचे वयस्क अधिकारी माझे कागद चाळता चाळता एकदम म्हणाले, "रात्री तीनला एक माणूस पोट दुखते म्हणून तुमच्याकडे आला. ताप नाही, उलटी नाही, पापण्या जड. काय कराल?"

मी क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग सांगितले, की तो जमिनीवर झोपला होता का, हे आधी विचारीन. होय म्हणाला तर मण्यार चावली असेच धरून चालेन. जखम शोधण्यात वेळ घालवणार नाही. कापणार नाही, आवळून बांधणार नाही. त्याला हलू देणार नाही, १०८ ला फोन करीन, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवीन. श्वास थकू लागला तर फुग्याने श्वास देत रुग्णालयापर्यंत बरोबर जाईन.

"आणि औषध?"

"सर्पविषावरची लस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची. मी त्याला तिथे जिवंत पोचवायचे."

ते हसले नाहीत की शाबासही म्हणाले नाहीत. कागदावर शिक्का मारता मारता म्हणाले, "बाई, कुठे थांबायचे हे ज्याला कळते, तोच या कामाचा." सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात वर्ग झाले, वॉर्डातील काम झाले, प्राथमिक केंद्रातील पाळ्या झाल्या, शेवटची परीक्षा झाली. त्या साऱ्याचे सार या एका वाक्यात होते असे मला आजही वाटते. रक्तदाब पाहावा, मधुमेह हुडकावा, तिशीपुढच्या प्रत्येकाच्या तोंडात डोकावून कर्करोगाची शंका घ्यावी, गरोदर बाईच्या पायाची सूज ओळखावी, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे दिसले की एक मिनिटही न दवडता वर पाठवावे.

तिसरी मुलाखत : गावची

सरकारने मला निवडले. गावाने अजून निवडायचे होते. पहिल्याच आठवड्यात एक आजीबाई उपकेंद्राच्या पायरीवर बसून मला न्याहाळत होत्या. म्हणाल्या, "तू डाक्टर आहेस का नर्स वो माय?"

मी म्हटले, "दोन्हींच्या मधली."

"मंग सुई देतं का नाही?"

गरज नसताना सुई देणार नाही म्हटल्यावर आजीबाई उठून गेल्या. पुढे दोन महिने ओसरीवर माणसांपेक्षा चिमण्या अधिक असत!

आमच्या भागात हत्तीरोगाचे जंतू रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून रक्ताचे नमुने रात्री दहानंतर घ्यावे लागतात. आशाताई आणि आरोग्यसेवक यांच्याबरोबर बॅटरीच्या उजेडात दारोदार फिरताना लोकांनी मला प्रथम नीट पाहिले. दिवसा खुर्चीत बसणारी बाई रात्री आपल्या दारात उभी राहते, याचे त्यांना नवल वाटले.

पण खरी परीक्षा झाली ती एका बारा वर्षांच्या मुलापायी. पावसाळा लागला, की त्याचे हातपाय असह्य दुखत. शाळा बुडे. घरचे त्याला कामचुकार म्हणत आणि आजी सुनेला बोल लावी, की हिच्या माहेरचीच खोड आहे. मी त्याचे रक्त तपासले. सिकलसेलची शंका आली. जिल्ह्याच्या ठिकाणी पक्की तपासणी झाली आणि ती खरी ठरली. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि मग दुखण्याची लाट येते, असा हा आजार. विदर्भात तो पुष्कळ आढळतो. २०२३ च्या जुलैत त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ती उगीच नव्हे.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात बसले. आजी, मुलगा, सून, सारे समोर. मी सांगितले, की हा आजार मुलाला होण्यासाठी दोष आईकडून एक आणि बापाकडून एक, असा दोन्हीकडून यावा लागतो. एकट्या आईच्या माहेरचा तो असूच शकत नाही. कुणी काही बोलले नाही. सून पदराआड रडत होती. थोड्या वेळाने आजी उठल्या, आत गेल्या आणि चहाचा पहिला कप त्यांनी सुनेच्या हातात दिला. मुलाला जिल्हा रुग्णालयातून औषध सुरू झाले. पाणी भरपूर पिणे, थंडीवाऱ्यात न भिजणे ही पथ्ये मी त्याच्या वहीत लिहून दिली. त्या पावसाळ्यात त्याची शाळा कमी बुडाली.

गावाने मला पास केले ते त्या अंगणात.

आता तुमच्या घरचा प्रश्न

हे काम सोपे आहे असे मी म्हणणार नाही. नोकरीची कंत्राटी टांगती तलवार आहे. आकड्यांचे तक्ते भरता भरता डोळे दुखतात. ऑनलाइन सल्ल्यासाठी डॉक्टरांना गाठावे, तर ऐन वेळी नेटवर्क जाते. आणि 'अर्धी डॉक्टर' हा शेलका शब्द कानांवर पडतोच. पण अर्ध्या भाकरीला नावे कोण ठेवतो, तर ज्याच्या ताटात पूर्ण भाकरी आहे तो. जिथे काहीच नव्हते, तिथे तिची किंमत निराळी असते.

म्हणून या दिवाळीत घरातल्या मुलाला मेडिकलच्या गुणांबद्दल विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा : "तुला डॉक्टर व्हायचे आहे, की आजारी माणसाजवळ बसायचे आहे?" उत्तर पहिले असेल तर त्याने खुशाल अभ्यास करावा. दुसरे असेल, तर वाटा पुष्कळ आहेत : नर्सिंग आहे, आयुर्वेद आहे, फिजिशियन असिस्टंटचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि त्यांतल्या काही वाटा आमच्यासारख्या उपकेंद्राच्या पायरीपर्यंत येतात. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेची मान्यता मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा.

भाऊबीज झाली, की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. रात्रभर झाडीपट्टीची नाटके रंगतात आणि धानाच्या बांधीतून माणसांची रीघ लागते. त्या दिवसांत आम्ही मंडईच्या एका कोपऱ्यात रक्तदाब तपासण्याचे टेबल मांडतो. यंदा त्या टेबलाशी मदतीला तो सिकलसेलचा मुलगा बसणार आहे. नावे लिहून घेण्याचे काम त्याने आपणहून मागून घेतले आहे. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.