कलेची गाडी वस्तीपर्यंत न्यायची, तर बांधायची कशी?

चित्रं, मातीकाम, बाहुल्या असं सगळं एका ट्रकमध्ये भरून गावोगाव न्यायचं, ही कल्पना ऐकायला झकास वाटते. पण गाडी बांधायला घेतली की पहिलं लक्ष जातं बाहेरच्या रंगरंगोटीकडे. खरी परीक्षा असते ती फाट्यापासून वस्तीपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरची. गाडी फाट्यावरच थांबली तर वस्तीवरची पोरं आणि म्हातारी माणसं राहूनच जातात. आणि गाडी निघालेली असते ती त्यांच्यासाठीच.

महाराष्ट्राला हे नवं नाही. जत्रांमधून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजचे ट्रक आठवा. प्रोजेक्टर ट्रकमध्येच बसवलेला. ट्रक तंबूच्या एका टोकाला लावायचा आणि तिथूनच झोत पडद्यावर सोडायचा. जड मशीन रोज उतरवायची कटकट नाही. मशीन गाडीत, माणसं जमिनीवर, हा हिशोब आजही लागू पडतो.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये सुरू केलेलं फिरतं संग्रहालय वेगळ्या धाटणीचं आहे. वातानुकूलित बस, आत मांडलेल्या वस्तू, मुलं चढून बघतात. बघण्यासाठी ते उत्तमच. पण पन्नास पोरं एकदम चिखलात हात घालणार असतील तर बसमधली जागा कशी पुरणार?

म्हणून ट्रकची एक बाजू पूर्ण उघडणारी हवी. वरचा भाग बिजागरीवर उचलला की सावली, खालचा फाळका आडवा पाडला की सामान मांडायला जागा. त्या फाळक्यावर माणसं उभी राहणार असतील तर खाली लोखंडी टेकू हवेतच, नुसत्या साखळीवर भरवसा नको. पाट्यांवरची गाडी हलते, त्यामुळे चारही कोपऱ्यांना जॅक लावावे लागतात. हायड्रॉलिकची हौस अनेकांना असते. आडगावात नळी फुटली तर मिस्त्री कुठून आणणार? हाताने फिरवायचं यंत्र बरं, ते गावचा वेल्डरही नीट करून देतो.

हौदा जमिनीपासून तीन-चार फूट उंच असतो. नऊवारीतली आजी उभ्या शिडीने वर चढणार नाही. रुंद पायऱ्या आणि धरायला कठडा द्यावा, नाहीतर काम खालीच आणावं.

पाण्याची टाकी, माती, जनरेटर ही ओझी तळाला आणि दोन्ही बाजूंना सारखी ठेवायची. टपावर सामान चढवलं तर ओढ्याच्या उतारावर गाडी कलते. उंचीही बेतातच हवी. कोणत्या गल्लीत विजेच्या तारा लोंबतात, ते उसाच्या ट्रॉलीवाल्यांना विचारावं. त्यांना सगळं पाठ असतं.

आरटीओचं मात्र आधी बघायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. वेल्डिंग आधी आणि कागद नंतर, असं केलं तर पासिंगला गाडी अडू शकते, अपघात झाला तर विम्याचा वाद वेगळाच. गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत ठेवावी लागते. मालवाहू ट्रकच्या हौद्यात कलाकार बसवून न्यायचे नाहीत, त्यांना जीप वेगळी.

रंग सगळ्यात शेवटी. त्याआधी हौद्यात तेवढ्याच वजनाची वाळूची पोती भरून गाडी एकदा काळ्या रानातल्या वस्तीवर नेऊन आणावी. पाऊस पडून गेल्यावर नेली तर अजून बरं. टायर कुठं रुततो आणि कुठं वळायला जागा नाही, ते तेव्हाच कळतं.