दीर्घिका तारे घडवणं का थांबवतात?

तारे घडवणाऱ्या दीर्घिकेतला वायू एकाएकी उडून जातो, की बाहेरून येणारा ताजा पुरवठा आटतो? मला दुसरं उत्तर पटतं, आणि पुरावा आहे धातूंचा (खगोलशास्त्रात हेलियमपेक्षा जड ते सगळं धातूच!). वायू एकदम गेला, तर ताऱ्यांतलं धातूंचं प्रमाण तिथंच थांबेल. नुसता पुरवठा तुटला, तर उरलेल्या वायूतून आणखी धातुसमृद्ध तारे बनत राहतील. २०१५ मध्ये पेंग, मायोलिनो आणि कॉक्रेन यांनी सुमारे २६,००० दीर्घिका तपासल्या. थंडावलेल्या, म्हणजे तारे घडवणं थांबलेल्या दीर्घिकांत धातू खरंच जास्त निघाले; तेवढा फरक पडायला साधारण ४ अब्ज वर्षं लागतात. मग महास्फोटानंतर सव्वा अब्ज वर्षांतच थंडावलेली जीएस-९२०९ ही दीर्घिका कशी? आक्षेप रास्त आहे. तिथं केंद्रातल्या कृष्णविवरानं वायू तापवला किंवा हाकलला असावा. पण ती घाईत वाढलेली, अतिशय आटोपशीर दीर्घिका. आपल्या शेजारच्या दीर्घिकांचा हिशेब तिच्यामुळे मोडत नाही.